वजाबाकीचा माणूस : झोंबी-मालिका आणि आपली समीक्षा

१

‘झोंबी’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आनंद यादव यांनी १९८७ साली आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला हेच नाव दिले आणि १९९० साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र हा शब्द उच्चारला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे सडके, अडखळत चालणारे प्रेत. दोन शब्दांतील ध्वनिसाम्य हा केवळ योगायोग आहे, त्यांची व्युत्पत्ती एकमेकींपासून सर्वस्वी वेगळी आहे. तरीही या योगायोगाकडे शेवटी पुन्हा वळावे लागेल.

प्रस्तुत लेखाचा रोख या मालिकांवर जितका आहे, त्याहून अधिक त्यांच्याविषयी रूढ होत चाललेल्या एका वाचनपद्धतीवर आहे. ही वाचनपद्धती इतकी परिचयाची झाली आहे की तिचा सारांश कोणत्याही लघुप्रबंधाच्या उपसंहारातून उचलता यावा. महामारीने राज्यसंस्था, कायदा, बाजारपेठ, शाळा, इस्पितळे नष्ट झाली. संस्कृतीचा पातळ मुलामा उडाला. आणि त्याखालचा आदिम, हिंस्र, स्वार्थी असा ‘खरा माणूस’ उघडा पडला. धोका प्रेतांपासून नाही, माणसांपासूनच आहे. एवढे सांगून झाले की हॉब्जचा हवाला येतो, त्यापाठोपाठ आगाम्बेनची परिभाषा येते, आणि मालिका ‘मानवी नातेसंबंधांचे विदारक सत्य’ मांडते असा निर्वाळा देऊन निबंध संपतो.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. समाज कोसळल्यावर उरणारा माणूस या मालिका दाखवीतच नाहीत. त्या समाजातून श्रम, संस्था आणि शेजार या तीन गोष्टी एकेक करून वजा करतात आणि जी बाकी उरते तिला ‘माणूस’ असे नाव देतात. ही वजाबाकी कथनाने केलेली आहे, निसर्गाने नव्हे. तिची बाकी म्हणजेच मानवी प्रकृती असे जी समीक्षा मानते, ती समीक्षेचे काम सोडून मालिकेच्या दाव्याखाली आपली सही करते. आणि हा दावा पडद्यापुरता राहत नाही. संकटकाळी कोणावर विश्वास ठेवावा आणि कोणावर बंदूक रोखावी, याचे उत्तर समाज अशाच दाव्यांतून घडवीत असतो.

२

प्रथम हवाल्यांचा समाचार घेऊ. हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मधील (१६५१) निसर्गावस्था ही मानवी इतिहासातील प्रत्यक्ष अवस्था नव्हे, हे हॉब्जच्या अभ्यासकांना नवे नाही. निसर्गातला माणूस रंगविताना तत्त्वज्ञ समाजात घडलेल्या माणसाचेच चित्र काढतात, अशी तक्रार रूसोने १७५५ सालीच केली होती. पुढे सी. बी. मॅक्फर्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट काटेकोरपणे मांडली. हॉब्जचा ‘नैसर्गिक’ माणूस हा बाजाराधिष्ठित समाजातील माणूस आहे. त्याच्यावरचा कायद्याचा धाक तेवढा कल्पनेने काढून घेतलेला आहे. त्याच्या वासना, स्पर्धा, मत्सर, संचयाची ओढ हे सारे त्या समाजाने दिलेले तसेच शिल्लक आहे. निसर्गावस्था ही मुळातच एक वजाबाकी आहे. तेव्हा झोंबी-मालिका हॉब्जला ‘सिद्ध करते’ असे म्हणणे म्हणजे एका वजाबाकीचा ताळा दुसऱ्या तशाच वजाबाकीने करणे होय.

आगाम्बेनच्या बाबतीत गोंधळ अधिक गंभीर आहे. ‘होमो साकेर’ (१९९५) या ग्रंथात त्याने मांडलेली ‘नग्न जीवना’ची संकल्पना आपल्याकडील निबंधांत सर्रास अशी वापरली जाते, की जणू सत्ता नाहीशी झाली की नग्न जीवन उरते. आगाम्बेनचे प्रतिपादन अगदी वेगळे आहे. नग्न जीवन सार्वभौम सत्ताच निर्माण करते. कायद्याच्या कक्षेबाहेर कोणाला टाकायचे हे ठरविण्याच्या अधिकारातून ते जन्माला येते. सत्तेच्या अभावाचे ते फलित नव्हे. या दृष्टीने पाहिले तर मालिकेला विचारण्याचा प्रश्न बदलतो. ‘राज्य गेल्यावर माणूस कसा वागतो?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणाला ठार मारले तरी खून ठरत नाही, हे या कथेत कोण ठरवितो?’ हा प्रश्न पुढे येतो. आपल्या वाचनात तो विचारलाच जात नाही, कारण त्याचे उत्तर मालिकेच्या पहिल्याच दृश्यात दडलेले आहे. तिकडे वळण्यापूर्वी या प्रेताची वंशावळ पाहणे आवश्यक आहे.

३

झोंबीची कल्पना हैतीतून आली. सँ-दोमँग ही फ्रान्सची साखर पिकविणारी वसाहत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर ती उभी होती. १७९१ साली तेथे गुलामांचा उठाव झाला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. हैतीच्या लोकसमजुतीतील झोंबी माणसांना खात नाही. जादूटोणा करणाऱ्याने थडग्यातून उठवून मळ्यावर राबायला लावलेले, इच्छाशक्ती हरपलेले शरीर म्हणजे झोंबी. तेव्हा तेथील भीती झोंबी भेटण्याची नव्हती, स्वतः झोंबी होण्याची होती. ज्या समाजाने गुलामगिरी भोगली, त्याला मरणानंतरही मळ्यातून सुटका नसणे यापरते भयंकर काय वाटणार?

१९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. याच काळात विल्यम सीब्रुक यांचे ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) प्रसिद्ध झाले आणि उसाच्या मळ्यात राबणाऱ्या प्रेतांची कथा अमेरिकी वाचकांपर्यंत पोहोचली. १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात साखर कारखान्याचे एक दृश्य आहे. तेथे राबणाऱ्या प्रेतांपैकी एक तोल जाऊन घाण्यात पडते आणि बाकीची तशीच फिरत राहतात. चित्रपट म्हणून तो सामान्यच आहे. पण त्याच्या प्रेताला अजून कामाची आठवण आहे.

जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून (१९६८) ही आठवण पुसली गेली. प्रेत आता राबत नाही, खाते. परंतु रोमेरोने श्रमाच्या जागी निदान दुसरा सामाजिक प्रश्न उभा केला. घरात अडकलेल्यांपैकी रात्रभर तगून राहतो तो बेन हा कृष्णवर्णीय तरुण. आणि सकाळी शेरीफच्या नेतृत्वाखालील सशस्त्र गोरा जथा त्याला प्रेत समजून गोळी घालतो. सुव्यवस्था परतते ती अशी. १९७८ सालच्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये पेनसिल्व्हेनियातील मोठ्या बाजारसंकुलात प्रेते सवयीने घिरट्या घालतात. रोमेरोला संस्थांचा विसर पडलेला नाही. त्याच्या चित्रपटांत माणूस बिघडतो तो संस्था नाहीशा झाल्याने नव्हे. शेरीफचा जथा आणि बाजार या संस्था तशाच शिल्लक राहिल्याने.

आता ३१ ऑक्टोबर २०१० रोजी एएमसी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’चे पहिले दृश्य पाहावे. रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ साली सुरू झालेल्या चित्रकथेवर ही मालिका आधारलेली आहे. एका ओसाड पेट्रोल पंपावर शेरीफच्या गणवेशातील रिक ग्राइम्स पाठमोऱ्या चिमुरडीला हाक मारतो. ती वळते, ती प्रेत आहे, तो तिला गोळी घालतो. १९६८ साली शेरीफचा जथा कथेच्या शेवटी येऊन जिवंत माणसाला मारतो आणि प्रेक्षकाला हादरवून सोडतो. २०१० साली तोच शेरीफचा गणवेश कथेच्या आरंभी गोळी झाडतो आणि प्रेक्षकाने त्याच्या दुःखात सहभागी व्हावे अशी अपेक्षा असते. बंदुकीच्या ज्या टोकाला बेन उभा होता, त्याच्या विरुद्ध टोकाला आता आपल्याला उभे केले गेले आहे. कोणाला मारणे हा खून नव्हे, हे ठरविणारा सार्वभौम पहिल्याच दृश्यात गणवेशासह अवतरला आहे. राज्य नष्ट झाले म्हणावे, तर ते नायकाच्या अंगावर शाबूत आहे.

४

‘द वॉकिंग डेड’ २०२२च्या नोव्हेंबरमध्ये संपली तेव्हा तिचे अकरा पर्वांत मिळून १७७ भाग झाले होते. पाचव्या पर्वाचा पहिला भाग २०१४ साली अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिला. एवढी दीर्घ आणि एवढी लोकप्रिय कृती वाचताना तिच्या घाटाचा विचार न करता आशयाविषयी बोलणे हा समीक्षेतील प्राथमिक प्रमाद आहे. मालिकेला चालत राहावे लागते. दुसऱ्या पर्वापासून तिची पर्वे मध्यंतर घेऊन विभागलेली आहेत. मध्यंतराला एक उत्पात आणि अखेरीला एक, अशी तिची लय आहे. स्थैर्य हे तिच्या अर्थव्यवस्थेला परवडणारे नाही. म्हणून ती एकेक वस्ती उभारते आणि मोडते : हर्शलचा मळा, तुरुंग, अलेक्झांड्रिया. दर वेळी निष्कर्ष तोच, माणसे एकत्र नांदू शकत नाहीत. हा निष्कर्ष मानववंशशास्त्राने काढलेला नाही, प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने काढलेला आहे.

या मोडतोडीत काय मोडले जाते ते बारकाईने पाहिले पाहिजे. पहिल्या पर्वात खाणीजवळच्या तळ्याकाठी बायका कपडे धूत असताना एक संवाद येतो. पुरुष बंदुका घेऊन हिंडतात आणि धुणे मात्र आपल्याकडे, ही विभागणी केली कोणी, असा त्याचा आशय आहे. मालिकेतील अत्यंत अर्थपूर्ण असा हा प्रसंग नवऱ्याच्या मारहाणीत आणि त्या नवऱ्याला दुसऱ्या पुरुषाने केलेल्या मारहाणीत विरून जातो. श्रमविभागणीचा प्रश्न विचारला जातो आणि मर्दुमकीने त्याचे उत्तर दिले जाते. त्यानंतर धुणे, रांधणे, पाणी भरणे ही कामे क्वचित दिसली तरी ती कथेला वळण देत नाहीत. कथेला वळण देते ती गोळी.

चौथ्या पर्वात तुरुंगाच्या आवारात शेती दिसते. रिक बंदूक बाजूला ठेवून माती उकरतो. त्याच पर्वाच्या मध्यंतराला रणगाडा येऊन ती शेती चिरडतो. वस्तीत येऊ पाहणाऱ्याला याच काळात तीन प्रश्न विचारले जातात. प्रेते किती मारलीस, माणसे किती मारलीस, आणि का मारलीस. तुला काय काम येते, हा चौथा प्रश्न विचारावा असे कोणाला सुचत नाही. तो विचारला जातो पाचव्या पर्वात. अलेक्झांड्रियाची प्रमुख डिआना प्रत्येकाची मुलाखत घेते आणि त्याला काम नेमून देते. मालिका या वस्तीकडे आरंभापासूनच भाबडेपणा म्हणून पाहते. पर्वाच्या अखेरीस डिआनाच्या नवऱ्याचा गळा चिरला जातो आणि तीच रिकला गुन्हेगाराला तेथल्या तेथे संपविण्याची आज्ञा देते. काम वाटून देणाऱ्या समाजाने शिक्षा देणाऱ्या पुरुषापुढे शरणागती पत्करली, की मालिकेच्या दृष्टीने तो प्रौढ झाला.

नवव्या पर्वाचा (२०१८) आरंभ तर रूपक म्हणून वाचावा इतका बोलका आहे. शेतीसाठी नांगर, गाडी आणि बियाणे हवे म्हणून ही मंडळी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जातात. ज्या कथाविश्वात आठ पर्वे दारूगोळ्याचा ओघ आटला नाही, तेथे नांगर मिळविण्यासाठी संग्रहालय गाठावे लागते. पुढे पूल बांधण्याचे काम सुरू होते. कालचे शत्रू एकत्र राबतात, भांडतात, पुन्हा कामाला लागतात. संपूर्ण मालिकेत सामाईक श्रमातून नाते घडत असल्याचे इतके सविस्तर चित्रण दुसरे आठवत नाही. पाचव्या भागात प्रेतांचा लोंढा रोखण्यासाठी खुद्द नायक तो पूल स्फोटकांनी उडवून देतो आणि मालिकेतून निरोप घेतो.

अशा संहितेतून ‘माणूस मुळात असाच असतो’ हे सत्य हाती लागते म्हणणे म्हणजे कोंबडीचे पंख छाटून तिला उडता येत नाही असा सिद्धांत मांडणे होय.

५

मालिकेला मात्र या सिद्धांताशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहता आलेले नाही, आणि हीच तिची जमेची बाजू आहे. पहिल्या पर्वात तळावर हल्ला होतो. सकाळी प्रेतांची विल्हेवाट लावताना ग्लेन हा तरुण अडून बसतो. त्याचा आग्रह असा की, आपल्या माणसांना पुरायचे. जाळायचे ते इतरांना. संसर्गाच्या दृष्टीने त्या दोन प्रकारच्या देहांत काडीचाही फरक नाही. मालिकेच्या कथाविश्वात तर प्रत्येकाच्याच शरीरात तो रोग आहे असे पुढे उघड होते. तरीही माणसे थकलेल्या हातांनी खड्डे खणतात. संस्कृती हा मुलामा असता तर तो सर्वांत आधी येथे उडायला हवा होता. प्रत्यक्षात सगळे हरपल्यावरही जी गोष्ट टिकते, ती मृताविषयीचे कर्तव्य ही आहे, म्हणजे शुद्ध सामाजिक अशी गोष्ट. ‘आपले’ आणि ‘इतर’ ही क्रूर विभागणीही त्याच कर्तव्यातून निघते, हे खरेच. पण तीसुद्धा निसर्गाने केलेली नाही.

दुसरे उदाहरण चौथ्या पर्वातील साथीचे. तुरुंगात तापाची जीवघेणी साथ पसरते. कॅरल दोघा आजाऱ्यांना साथ थोपविण्यासाठी ठार मारून जाळते. त्याच साथीत हर्शल, हा म्हातारा गुरांचा डॉक्टर, स्वतःला लागण होईल हे जाणून आजाऱ्यांच्या कोठड्यांत शिरतो आणि रानातल्या फळांचा काढा करून त्यांना पाजीत राहतो. एकाच संकटाला मालिकेने दिलेली ही दोन उत्तरे आहेत. आपल्याकडील लेखनात कॅरलविषयी पानेच्या पाने आढळतात. तिची ‘कठोर नैतिकता’, तिचे ‘सक्षमीकरण’, तिची ‘अटळ निवड’ यांची चर्चा होते. हर्शलचा काढा विवेचनाला योग्य वाटत नाही. वस्तुतः कॅरलचे कृत्य साथ थोपवू शकलेले नाही, हे मालिकाच दाखविते. जी माणसे वाचली ती शुश्रूषेने आणि बाहेरून जिवावर उदार होऊन आणलेल्या औषधांनी वाचली. संहितेतील पुरावा एकीकडे आणि समीक्षेचा कौल दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे.

ती अशी का? कारण क्रौर्य ‘खरे’ आणि शुश्रूषा ‘भाबडी’ असा एक वाङ्मयीन पूर्वग्रह आपण वास्तववादाच्या नावाखाली जोपासला आहे. मारणारा हात आपल्याला सखोल वाटतो आणि काढा ढवळणारा हात कौटुंबिक मालिकेतला वाटतो. हा पूर्वग्रह लिंगभावाशीही निगडित आहे. ज्या कामांना घरात मोल नाही, त्यांना समीक्षेतही मोल मिळत नाही.

६

हा वाद केवळ वाचनपद्धतीचा असता तर एवढे तावातावाने लिहिण्याचे कारण नव्हते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकले आणि न्यू ऑर्लिन्स बुडाले. सुव्यवस्था कोसळली, निर्वासितांच्या आश्रयस्थानी खून-बलात्कारांचे थैमान चालू आहे, अशा बातम्या जगभर पसरल्या. त्यांतील बहुतांश पुढे निराधार किंवा अतिरंजित ठरल्या. तोपर्यंत महापौरांनी पोलिसांना शोध आणि बचावाचे काम सोडून लूटमार रोखण्यास धाडले होते. ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र कृष्णवर्णीय नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार झाले, चौघे जखमी झाले. २०१६ साली पाच माजी पोलिसांनी या प्रकरणी गुन्हा कबूल केला. मुलामा उडाला की माणूस लांडगा होतो, ही श्रद्धा तेथे आधीपासून तयार होती. लांडगे दिसले नाहीत, तेव्हा माणसांनाच लांडगे ठरविले गेले. मालिका पाच वर्षांनी सुरू झाली. तिने ही श्रद्धा निर्माण केली नाही, तिला प्रतिष्ठा दिली.

आपत्तीच्या समाजशास्त्राचा अनुभव या श्रद्धेला दुजोरा देत नाही. चार्ल्स फ्रिट्झ, एन्रिको क्वारंटेली आदी अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून केलेल्या पाहण्यांत असे दिसून आले की, संकटात माणसे सहसा सैरावैरा होत नाहीत. पहिली मदत बहुधा शेजारी आणि अनोळखी माणसेच करतात, आणि जुनी नातीगोती टिकून राहतात. रेबेका सोल्निट यांचे ‘अ पॅराडाइज बिल्ट इन हेल’ (२००९) याच अभ्यासावर उभे आहे. कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री यंत्रणा कोलमडली होती हे कोणी नाकारणार नाही. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, रस्त्यावर चहा-बिस्किटे वाटली, दोर धरून माणसे पाण्यातून पार केली, हेही तितकेच निर्विवाद आहे.

याला प्रतिउदाहरण म्हणून २०२० सालाकडे बोट दाखविले जाईल, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टाळेबंदीत शहरांतून गावांकडे मजुरांचे तांडे चालत निघाले. मार्चअखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक रसायन फवारले गेले. ८ मे रोजी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाड येथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. महाराष्ट्रातील अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते बंद केले. येथे मुलामा उडाला नाही काय, असे विचारले जाईल.

माझे उत्तर असे की, येथे कोणताही मुलामा उडालेला नव्हता. राज्यसंस्था जागेवर होती. टाळेबंदीचा हुकूम तिचाच होता, फवारणीचा नळ सरकारी माणसांच्याच हातात होता, मालगाड्या धावत होत्या. मजुराचे शरीर उघडे पडले ते समाज नाहीसा झाल्यामुळे नव्हे. समाजाने त्या शरीराची किंमत आधीच ठरविलेली होती म्हणून. आगाम्बेनला उद्धृत करायचे, तर ते येथे करावे. आणि ज्या गावांनी वेशी बंद केल्या, त्यांतील कित्येकांनी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणाची सोय केली आणि आत राहणाऱ्यांना डबे पोहोचविले. वेस बंद करणे आणि डबा देणे ही दोन्ही सामाजिक कृत्ये आहेत. दोन्हींमागे भीती होती, ग्रामपंचायत होती, नाती होती, जातही होती. यांपैकी एकाला ‘खरा माणूस’ आणि दुसऱ्याला ‘मुलामा’ म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला?

चालत येणारा माणूस म्हणजे संसर्ग, ही प्रतिमा त्या वर्षी कित्येक गृहसंकुलांच्या फाटकांवर वावरत होती. दहा वर्षे जगातील एका अत्यंत लोकप्रिय मालिकेत ‘चालणारे’ या शब्दाचा अर्थ ‘ज्यांना मारणे खून नव्हे असे’ हाच होता. यांत कार्यकारणसंबंध आहे असा माझा दावा नाही. प्रतिमांच्या अभ्यासकाला हे साम्य अस्वस्थ करीत नसेल, तर त्याने अभ्यास कशासाठी करावा, एवढेच मला विचारायचे आहे.

७

या प्रकारातील सगळ्याच कृती एका मापाने मोजाव्यात असे नाही. दक्षिण कोरियाच्या ‘किंगडम’ (२०१९) या मालिकेत सोळाव्या शतकाअखेरच्या जपानी आक्रमणांनंतरचा उपाशी कोरिया आहे. रोग पसरतो तो उपासमारीने हैराण झालेल्या रुग्णांना नकळत मेलेल्या माणसाचे मांस शिजवून खाऊ घातल्यामुळे. आणि तो वाढतो, कारण उमरावांचे देह जाळणे अधर्म ठरते आणि अधिकारी गलबतात बसून पळ काढतात. येथे राक्षस भुकेतून आणि दरबारातून निपजतो. ‘द लास्ट ऑफ अस’च्या (२०२३) तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँक यांच्या संसारात फ्रँक एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचे बियाणे घेतो. सगळ्या झोंबी-वाङ्मयाचा उलटा व्यवहार त्या एका सौद्यात आहे, मग त्यांचे अंगण काटेरी तारांनी वेढलेले का असेना. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) विनोदाच्या अंगाने का होईना, पाणी, झोपडवस्ती आणि टोलेजंग संकुल यांचे नाते प्रेतांच्या मुळाशी आणून ठेवले. या कृती श्रेष्ठ आहेत की नाहीत हा वेगळा प्रश्न आहे. त्यांनी वजाबाकी नाकारली आहे, एवढे येथे पुरे.

‘द वॉकिंग डेड’नेही अखेरच्या पर्वात पन्नास हजार वस्तीचे, वर्गभेदांनी पोखरलेले कॉमनवेल्थ उभे केले आणि तेथील भाकरीचा प्रश्न विचारला, असा आक्षेप येऊ शकतो. तो मला मान्य आहे. परंतु ज्या प्रश्नापर्यंत पोहोचायला मालिकेला अकरा पर्वे लागली, तो प्रश्न समीक्षेने पहिल्या भागातच विचारायला हवा होता. या वस्तीत रांधते कोण? मेलेल्यांना पुरते कोण? नांगर कोठे गेला? बंदूक ज्याच्या हाती आहे, त्याच्याच तोंडून माणसाची व्याख्या का ऐकायची?

यादवांच्या कादंबरीकडे आता परतता येईल. तिच्यातील मुलगाही पराकाष्ठेच्या ओढगस्तीत जगतो. भूक आहे, मार आहे, बापाचा जुलूम आहे. संस्कृतीचा मुलामा उडण्याची वाट पाहावी, तर तेथे मुलामा मुळात नव्हताच. तरीही त्या दारिद्र्यात निसर्गावस्था सापडत नाही. सापडते ते काम, आणि कामाभोवती घट्ट विणलेली नाती. जाचणारी, पिळणारी, कधी तारून नेणारी. त्या मुलाला त्या नात्यांशीच झोंबी घ्यावी लागते, कारण ती सुटत नाहीत. जगण्याच्या तळाशी गेल्यावर माणूस एकटा सापडतो, हे सुस्थितीत बसून पडदा पाहणाऱ्याला पटण्यासारखे आहे. तळाशी जे राहिले आहेत त्यांच्या साहित्यात त्याला आधार नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी झोंबी जरूर अभ्यासावा. फक्त त्याचा निष्कर्ष उतरवून घेण्यापूर्वी आपल्या झोंबीशी तो ताडून पाहावा.